‘हे जनुक जठराचा कर्करोग रोखतं’ असं लिहिण्याआधी: पेशींवर तपासायचं कसं

डेझर्टेशनला येणाऱ्या मुलांना मी पहिले काही दिवस पिपेटला हात लावू देत नाही. मुलं वैतागतात. हाताशी जेमतेम एक सेमिस्टर, आणि ही बाई वाचायला बसवते! पण विषय ‘अमुक जनुक आणि जठराचा कर्करोग’ असा असला की माझा हट्ट असतो: आधी एका भांडणाची हकीकत वाचा, मग मीडिया (पेशींचं द्रवरूप खाद्य) गरम करा. विषय ठरवणं गाइडचं काम. हूडपाशी (जंतुविरहित हवेच्या कपाटापाशी) उभं राहून काय, कशानंतर आणि का करायचं हे सांगणं माझ्याकडे येतं. तेच इथे लिहिते आहे. उदाहरणाला रंक्स-३ (RUNX3) हे जनुक घेते. तुमचं जनुक दुसरं असलं तरी क्रम हाच.

भांडण असं. २००२ साली क्योटोच्या योशिआकी इतो यांच्या गटाने ‘सेल’ या नियतकालिकात मांडलं की जठराच्या सुमारे ४५ ते ६० टक्के गाठींमध्ये रंक्स-३ जवळजवळ गप्प असतं. हे जनुक पहिल्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, टोकाकडे आहे. गाठींमध्ये ते बिघडलेलं क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा एक प्रत हरवलेली असते, किंवा जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटून ते बंद पडलेलं असतं. ज्या उंदरांमध्ये हे जनुकच काढून टाकलं, त्यांच्या जठराचं अस्तर जाड झालं: पेशी जास्त वाढत होत्या, कमी मरत होत्या आणि टीजीएफ-बीटा या ‘थांबा’ म्हणणाऱ्या संदेशाला दाद देत नव्हत्या. शिवाय एका रुग्णाच्या गाठीत या प्रथिनाच्या १२२व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आलेलं सापडलं, आणि त्या एका बदलाने जनुकाची गाठ रोखण्याची ताकद गेली.

चित्र पूर्ण वाटतं ना? २०११ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या योराम ग्रोनर यांच्या गटाने उलटा सवाल टाकला: निरोगी जठराच्या अस्तराच्या पेशींमध्ये रंक्स-३ मुळात असतं तरी का? त्यांना ते तिथे दिसलं नाही. ते ठळक दिसलं पांढऱ्या पेशींमध्ये. जे नव्हतंच ते हरवलं कसं म्हणायचं? दोन्ही गट नामांकित, दोन्हींकडे ब्लॉट (प्रथिन आहे का ते पट्ट्यावरून, म्हणजे बँडवरून, दाखवणारी चाचणी) आणि उंदीर. वादाचा बराच भाग येऊन थांबतो तो प्रथिन हुडकायला वापरलेली अँटिबॉडी नेमकी कशाला चिकटते आहे आणि नमुन्यात कुठल्या पेशी मिसळल्या आहेत, या दोन साध्या प्रश्नांवर. तुमच्या छोट्या प्रकल्पातही हेच दोन प्रश्न तुम्हाला आडवे येणार आहेत. म्हणून ही हकीकत आधी.

पेशी कुठल्या, आणि त्या खरंच त्याच आहेत का

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बाकीच्या लॅबमध्ये सगळ्यात कमी वेळ इथेच घालवतात.

जठराच्या कर्करोगावरचे पेपर उघडले की एसजीसी-७९०१, बीजीसी-८२३, एमजीसी-८०३ ही नावं सतत दिसतील. शेकडो पेपर या सेल लाइन्सवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवर, उभे आहेत. डीएनएची ओळखचाचणी केली तेव्हा या तिन्ही हीला निघाल्या. हीला म्हणजे १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या पेशी. त्यांच्यात एचपीव्ही-१८ विषाणूची जनुकं आहेत, आणि त्या विषाणूची प्रथिनं पी-५३ आणि आरबी या वाढ रोखणाऱ्या दोन मुख्य प्रथिनांना निकामी करतात. म्हणजे तुमचं जनुक पी-५३ मार्फत काम करत असेल, तर त्या पेशींवरचा निकाल जठराबद्दल काहीच सांगत नाही. एमकेएन-२८ चंही तसंच: ती स्वतंत्र लाइन नसून एमकेएन-७४ चीच शाखा आहे. ‘दोन वेगळ्या लाइन्समध्ये पडताळलं’ असं लिहून कुणी याच दोन दाखवल्या असतील, तर त्याने एकच प्रयोग दोनदा केला आहे.

तेव्हा शेजारच्या लॅबमधून ‘एक फ्लास्क दे ना’ म्हणून पेशी आणू नका. पुण्यात राहून तर अजिबात नाही. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशाची पेशीपेढीच आहे. नोंद असलेल्या पेढीतून मागवा, आल्याआल्या वाढवून काही व्हायल (छोट्या कुप्या) गोठवा, आणि एसटीआर प्रोफाइल (डीएनएची ओळखचाचणी) करून घ्या. पेढीच्या नोंदीशी ८० टक्के किंवा त्याहून जास्त जुळणी आली की पुढे जा. मायकोप्लाझ्मा या जंतूची पीसीआर चाचणी त्याच आठवड्यात. मायकोप्लाझ्मा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पण पेशींची वाढ मात्र मंदावतो. तुमच्या जनुकाचं श्रेय एखादा जंतू घेऊन जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

सुरुवातीला बहुतेक मुलांना एजीएस देतात, कारण ती भराभर वाढते आणि प्लेटला नीट चिकटते. घ्या, पण तिच्या खोडी माहीत करून घ्या. तिच्यात केरास हे वाढीला चालना देणारं जनुक बदललेलं आहे, पी-५३ शाबूत आहे, आणि पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन नाही. ई-कॅडहेरिन म्हणजे सीडीएच-१ या जनुकाचं प्रथिन. हे तेच जनुक, ज्यातला जन्मजात बिघाड १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जठराच्या कर्करोगामागे सापडला. त्यामुळे ‘माझ्या जनुकाने ई-कॅडहेरिन वाढवून पेशींचं पसरणं थांबवलं’ असा दावा एजीएसवर करायला जाऊ नका. वाढायला ते हवं ना! आणखी एक खोड कमी लोकांना ठाऊक असते. एजीएसमध्ये पॅराइन्फ्लुएन्झा-५ हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकून असल्याचं २००७ मध्ये दाखवलं गेलं, आणि तो स्टॅट-१ हे प्रथिन मोडून टाकतो. स्टॅट-१ इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणूशी लढण्याच्या, मार्गातलं; तुमचं जनुकही त्यातलं असेल तर दुसरी लाइन शोधा.

जोडीला निदान एक वेगळ्या स्वभावाची लाइन हवी. काटो-३ मध्ये पी-५३ नाही. एजीएसशेजारी ती ठेवली की परिणाम पी-५३ वर अवलंबून आहे का ते कळतं. एन-८७ मध्ये हर-२ या वाढीच्या जनुकाच्या प्रती खूप वाढलेल्या आहेत आणि ती संथ वाढते, घाईच्या मुलांनी तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

जनुक आत्ता चालू आहे की बंद

काही चालू-बंद करण्याआधी मूळ स्थिती बघायची. तीन-चार लाइन्समधून आरएनए काढा, क्यूपीसीआर (आरएनए किती ते मोजणारी चाचणी) लावा. मग वेस्टर्न (प्रथिनाचा ब्लॉट) लावाच, कारण आरएनए आहे म्हणजे प्रथिन आहे असं नाही. रंक्स-३ मध्ये तिसरी भानगड आहे: काही गाठींमध्ये प्रथिन असतं, पण केंद्रकाच्या बाहेर अडकलेलं. केंद्रकात शिरल्याशिवाय ते डीएनएवर बसणार कसं? म्हणून इम्युनोफ्लुओरेसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीने प्रथिनाची जागा दाखवणं) करून ते कुठे आहे हेही बघा. ब्लॉटवरचा ठळक बँड अशा वेळी फसवतो.

अँटिबॉडीची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. ज्या पेशींमध्ये जनुक नक्की आहे त्या आणि त्याच पेशी जनुक बंद केल्यावर, या दोन्हींचा अर्क शेजारी शेजारी चालवा. बंद केल्यावर बँड फिका पडला नाही, तर तो बँड तुमच्या प्रथिनाचा नाही. कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो पुरावा म्हणून मला दाखवायला आणू नका.

जनुक बंद असलेल्या लाइनमध्ये ते मिथाइल गटांमुळे बंद आहे का हे तपासायला डेसिटाबाइन हे मिथाइल गट घटवणारं औषध देतात, साधारण १ ते ५ मायक्रोमोलर, तीन ते पाच दिवस. ते डीएनएची नवी प्रत बनताना आत शिरतं, म्हणून पेशी वाढत्या हव्यात. आणि मीडियात लवकर विघटित होतं, म्हणून रोज ताजं. जनुक जागं झालं आणि पेशींची वाढही मंदावली, की मुलांचे डोळे चमकतात. चमकू देऊ नका. डेसिटाबाइन शेकडो जनुकं एकदम जागी करतं आणि स्वतःही विषारी आहे. त्यातून ‘जनुक मिथाइलेशनने बंद होतं’ एवढंच घ्या. ‘याच जनुकाने वाढ थांबवली’ हे त्यातून निघत नाही.

चालू करा, आणि बंदही करा

ज्या लाइनमध्ये जनुक बंद आहे तिथे प्लास्मिडने (जनुक आत नेणाऱ्या गोल डीएनएने) चालू करायचं. ज्या लाइनमध्ये चालू आहे तिथे एसआय-आरएनएने (जनुकाचा आरएनए मोडणाऱ्या छोट्या आरएनएने) दाबायचं. दोन्हीकडचे निकाल उलटसुलट आले पाहिजेत: एकीकडे वाढ घटावी, दुसरीकडे वाढावी. फक्त एक बाजू केलेला पेपर मी अर्धाच धरते.

चालू करताना मुख्य अडचण अशी की सीएमव्ही प्रमोटर या जोरदार स्विचखाली प्रथिन बेसुमार बनतं. पेशीने कुठलंही प्रथिन इतकं बनवलं तर ती दमतेच. म्हणून रिकामा वेक्टर (जनुक नसलेलं प्लास्मिड) हा कंट्रोल पुरत नाही. इथे ती १२२व्या जागेची हकीकत कामाला येते. तोच एक बदल केलेलं रंक्स-३ तितक्याच प्रमाणात बनवा. साधं रंक्स-३ वाढ रोखतं आणि बदललेलं रोखत नाही, असं दिसलं तर वाढ रोखण्याचं काम खरोखर त्या प्रथिनाचं. तुमच्या जनुकातही असा एखादा काम बिघडवणारा बदल बहुतेक माहीत असतो; गाइडना विचारा, प्रायमर मागवा, आठवडा जास्त जाईल तो जाऊ दे. दोन्ही प्रथिनं सारख्या पातळीवर बनली आहेत हे वेस्टर्नने दाखवायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

कायमच्या चालू पेशी हव्या असतील तर जी-४१८ या औषधावर निवड (प्लास्मिड टिकलेल्याच पेशी जगतात). मात्रा आधी आपल्याच पेशींवर ठरवा. दर मिलिलिटरला २०० ते १००० मायक्रोग्रॅम असा मोठा पल्ला असतो. पण ज्या जनुकाने वाढ मंदावते ते कायमचं चालू ठेवलं तर जिवंत कोण राहणार? ज्या पेशींनी ते गपचूप कमी केलं त्या. काही आठवड्यांनी तुमच्या ‘चालू’ पेशींमध्ये जनुक जेमतेम उरतं. यावर उपाय म्हणजे डॉक्सिसायक्लिन दिल्यावरच चालू होणारी रचना. मात्र डॉक्सिसायक्लिन पेशींच्या मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं, तेव्हा ते कंट्रोल पेशींनाही तितकंच द्यायचं.

दाबताना निदान दोन वेगळे एसआय-आरएनए, शिवाय स्क्रॅम्बल (कुठल्याच जनुकावर नेम नसलेला). एकच वापरलात तर तो दुसऱ्या कुठल्या जनुकाला लागला असण्याची शक्यता राहतेच. आणि जमलं तर रेस्क्यू: एसआय-आरएनए जनुकाच्या टोकाकडच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागावर नेम धरणारा घ्या, म्हणजे तो भाग नसलेली प्रत बाहेरून दिली की ती वाचते. परिणाम पुसला गेला, तर परीक्षक काही विचारू शकत नाही. एसआय-आरएनएचा अंमल काही दिवसांचाच असतो; कॉलनीच्या प्रयोगाला एसएच-आरएनए (पेशीतच बनत राहणारा, टिकाऊ) लागेल. त्यासाठी लेन्टिव्हायरस (तो पेशीत नेणारा विषाणू) वापरायचा तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी हातात हवी. अर्ज पहिल्या आठवड्यात टाका.

वाढ मोजणं

सगळे एमटीटी करतात, कारण ते स्वस्त आहे आणि जांभळा रंग फोटोत छान दिसतो. पण एमटीटी पेशी मोजत नाही. पिवळ्या मीठाचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर किती झालं, म्हणजे पेशींचा चयापचय किती, ते ५७० नॅनोमीटरवर मोजतं. रात्री सोसायटीत किती खिडक्यांत दिवा आहे त्यावरून माणसं मोजण्यासारखं आहे ते. दिवा मालवून झोपलेला माणूस मेला असं धरलं जातं. तुमचं जनुक मायटोकॉन्ड्रियाला हात लावत असेल तर आकडा हमखास चुकीचा. एमटीटी कराच, पण शेजारी ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) हीमोसायटोमीटरवर, म्हणजे मोजणीच्या रेघा असलेल्या काचेवर, खऱ्या पेशी मोजा, पाच दिवस रोज. कंटाळवाणं आहे. करा.

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेलांत पेशी टाकू नका; तिथलं पाणी उडतं आणि वाढ वेगळी होते. त्यांत नुसतं पीबीएस (क्षारांचं द्रावण) भरा. एजीएस वेलमागे दोन-तीन हजारांवर नको, नाहीतर चौथ्या दिवशी कंट्रोल जागा संपल्यामुळे थांबतो आणि फरक पुसला जातो. ट्रान्स्फेक्शनच्या (पेशीत डीएनए किंवा आरएनए घातल्याच्या) दुसऱ्याच दिवशी मोजायला बसू नका, त्या दिवशी लायपोफेक्टामाइन या वाहक रसायनाचा मार दिसतो.

कॉलनीचा प्रयोग मला सगळ्यात जास्त पटतो. सहा वेलच्या प्लेटमध्ये वेलमागे ५०० ते १००० पेशी, १० ते १४ दिवस प्लेट हलवायची नाही, मग मिथेनॉल आणि ०.५ टक्का क्रिस्टल व्हायोलेट. पन्नासहून जास्त पेशींचा पुंजका तो कॉलनी. हात थरथरतो, मोजणी कंटाळवाणी, पण एकटी पेशी स्वतःच्या बळावर वंश वाढवते का, हे इथे समजतं. मोजणाऱ्याला कुठली प्लेट कुठली हे माहीत नसावं. झाकणावरच्या नावावर टेप लावा आणि मैत्रिणीकडून मोजून घ्या.

वाढ मंदावली असेल तर ओरखड्याच्या प्रयोगात (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो भरतो का ते बघतात) दरी हळू भरणारच, त्याला ‘स्थलांतर रोखलं’ म्हणू नका. विभाजन थांबवणारं मायटोमायसिन देऊन मगच काय ते ठरवा.

थांबल्या की मेल्या?

कमी पेशी म्हणजे दोनपैकी एक: विभाजन अडलं, किंवा पेशी मेल्या. रंक्स-३ बाबत दोन्ही वाटा दाखवल्या गेल्या आहेत. ते टीजीएफ-बीटाचा संदेश वाहणाऱ्या स्मॅड प्रथिनांच्या जोडीने पी-२१ हे प्रथिन वाढवतं, आणि पी-२१ पेशीला विभाजनचक्राच्या जी-१ टप्प्यात अडवतं. आणि रंक्स-३ बिम हे प्रथिनही वाढवतं, ज्याने पेशी मरणाकडे जाते. म्हणून फ्लो सायटोमेट्रीला (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्ही करा. चक्रासाठी पेशी ७० टक्के थंड इथेनॉलमध्ये थेंबाथेंबाने, व्हॉर्टेक्सवर धरून. एकदम ओतलंत तर गठ्ठे होतात. मरणासाठी अनेक्सिन-व्ही, मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रथिन. यात मुलं हमखास काय करतात सांगू? जुना मीडिया ओतून देतात आणि प्लेटला चिकटलेल्याच पेशी सोडवून नेतात. मेलेल्या पेशी तर त्या ओतलेल्या मीडियात तरंगत होत्या! मीडिया ट्यूबमध्ये जमवा, मग ट्रिप्सिन लावा, सगळं एकत्र फिरवा. अनेक्सिनला कॅल्शियम लागतं, म्हणून ट्रिप्सिनबरोबरचं ईडीटीए (ते कॅल्शियम पकडून ठेवतं) नीट धुऊन काढा.

टीजीएफ-बीटा देऊन आणि न देता, असे दोन्ही संच लावलेत तर आणखी चांगलं. जनुक ज्या संदेशाबरोबर काम करतं तो प्लेटमध्ये नसेल तर जनुक बिचारं काय करणार!

उंदरांबद्दल थोडक्यात. प्राण्यांच्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय विषयच काढू नका, आणि डेझर्टेशनच्या मुदतीत ते बसतही नाही. न्यूड उंदरात टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नसतात. त्यामुळे प्रतिकारशक्तीशी नातं असलेल्या जनुकाचं अर्धं काम तिथे दिसणारच नाही. रंक्स-३ टी-पेशींमध्येही काम करतं, हे इथे आठवावं.

आकडे आणि वाक्यं

एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) तीन नव्हे. वेगळ्या पासेजच्या (पुन्हा पेरणीच्या) पेशी, वेगळा दिवस, नवीन ट्रान्स्फेक्शन, असं तीनदा झालं की एन तीन. एरर बार त्या तिघांचा.

शेवटी मुलं नेटवरून रुग्णांच्या जगण्याचा आलेख काढून आणतात: जनुक जास्त असलेले रुग्ण जास्त जगले. छान. पण ‘सर्वांत चांगली सीमारेषा आपोआप निवडा’ या खुणेवर टिचकी मारलीत का? मारली असेल तर संगणकाने फरक दिसेपर्यंत रेघ सरकवली आहे. मध्यकावर रेघ ठेवून पुन्हा काढा. आणि गाठीतून काढलेल्या आरएनएमध्ये पांढऱ्या पेशीही असतात. रंक्स-३ जास्त दिसलं ते कदाचित गाठीत शिरलेल्या टी-पेशींचं. इथे पुन्हा ग्रोनर यांचा सवाल आडवा येतो. शिवाय जठराचा कर्करोग एक नाही. २०१४ मध्ये टीसीजीए या अमेरिकेतल्या कर्करोगाच्या जनुकांच्या प्रकल्पाने २९५ गाठी तपासून चार गट पाडले: ईबीव्ही विषाणूचा, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अस्थिर असलेला, जनुकीयदृष्ट्या स्थिर आणि गुणसूत्रं अस्थिर असलेला. यांतल्या ईबीव्हीच्या गटात तर मिथाइलेशन सगळीकडेच प्रचंड असतं. तुमचं जनुक तिथे बंद दिसलं तर त्यात नवल काय? चारही गट वेगळे करून बघा.

मग सारांश लिहायचा. ‘रंक्स-३ जठराचा कर्करोग रोखतं’ हे वाक्य मी लाल पेनाने खोडते. ‘एजीएस आणि काटो-३ पेशींमध्ये रंक्स-३ चालू केल्यावर कॉलनी कमी झाल्या, बदल केलेल्या प्रथिनाने झाल्या नाहीत’ हे चालतं. मुलांना ते फिकं वाटतं. ‘मॅडम, यात काही इम्पॅक्ट नाही.’ नसू दे. व्हायव्हाला समोर कुणी पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसून ‘कुठल्या पेशी? कंट्रोल काय?’ विचारतील तेव्हा हेच वाक्य तुमच्या बाजूने उभं राहील.

जाण्याआधी प्रत्येक लाइनच्या निदान चार व्हायल गोठवा, १० टक्के डीएमएसओत. व्हायलवर लाइनचं नाव, पासेज, तारीख, वेक्टर आणि स्वतःचं नाव, पेन्सिलने किंवा नायट्रोजनमध्ये न पुसणाऱ्या पेनाने. एसटीआरचा रिपोर्ट वहीत चिकटवा. वही घरी न्यायची नाही.